साचा सुकेपर्यंत

प्रिय मुंगळ्या,

ज्याला तीस-पस्तीस इंजिनिअर 'साहेब' म्हणतात त्याला मुंगळ्या म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहून सुरुवात केली की पत्राचा अर्ज होतो. तसे तीन अर्ज सकाळपासून फाडलेत. हा चौथा कागद. मधल्या वेळात उठून ब्रश धुतले, ते धुतलेलेच होते. शेडचं दार उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी मास्तरीण म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का हो? बसा की एका जागी!" तू तिला पाहिलंस तेव्हा ती शाळेत चित्रकला शिकवायची. आता निवृत्त होऊन माझ्याकडे साचे काढायला येते, आणि वर्गावर ओरडायची राहिलेली हौस माझ्यावर भागवते. तर बसलेय. किती वेळ बसवतं ते बघू.

आधी चांगली बातमी सांगते. कडा उभा राहिला. तुझ्या धरणाच्या पाण्याखाली गेलेला आपला घड्यांचा कडा, रबराच्या साच्यांत बावीस तुकड्यांनी उतरवून आणलेला, आता शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभा आहे. उंची माझ्या दुप्पट. मी तो सरळ भिंतीसारखा लावला नाही. मधोमध चिरला आणि दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट ठेवली. बघायला येणाऱ्याने त्या फटीतून चालायचं. म्हणजे जिथून नदी जायची तिथून माणूस जाणार, आणि पाण्याने दगडाला घातलेल्या घड्या दोन्ही खांद्यांना लागणार. मास्तरीण पहिल्यांदा आत गेली तेव्हा तिथेच उभी राहिली. बराच वेळ बाहेर येईना. मी म्हटलं, अडकलात की काय? तर आतून म्हणाली, "गप्प बसा, जरा वाहू द्या."

रंगाने मात्र जीव खाल्ला. दगड करडा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी दगड बघितलेलाच नसतो. आपला कडा ओला असला की जांभळट, सुकला की राखेसारखा, आणि उन्हाची तिरीप आली की मधूनच तपकिरी. नदीतल्या गोट्यांची भुकटी गोण्या भरून आणली होती, ती फायबरमध्ये मिसळून पाहिली. पहिले चार नमुने सिमेंटच्या पोत्यासारखे दिसले. पाचवा जमला. गेल्या पंधरवड्यात तुमच्या खात्याच्या नव्या इमारतीचे वास्तुकार येऊन माप घेऊन गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुख्य दालनात बसवायचा आहे. ज्या खात्याने बुडवला त्याच्याच दालनात! मास्तरीण म्हणते, आधी झाड तोडायचं आणि मग त्याच्याच लाकडाच्या खुर्चीत पाहुण्याला बसवायचं, त्यातली गत. मी हसले, पण मला ते लागलं. दालन मी नाकारलं नाही ना. एवढी उंच जागा मला दुसरं कोण देणार होतं?

हे सगळं मी तुला फोनवरही सांगू शकले असते. पण आपल्या फोनवर हल्ली माझे गुडघे आणि तुझ्याकडची हवा, याखेरीज तिसरा विषय निघत नाही. दोन वर्षं झाली त्या जेवणाला. तू म्हणालास, "आई, तुझ्या कड्याकडे बघून कुणाची तहान भागत नाही." मी म्हणाले, "तुझ्या भिंतीकडे बघूनही भागत नाही. नळाला पाणी येईल तेव्हा बोल." वाक्य झकास जमलं म्हणून मी खूशही झाले. तू ताटावरून उठलास. मी तुला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं, हे मला ताट घासताना कळलं.

आणि तरीही खोऱ्यात काम करायची चाळीस दिवसांची परवानगी मला मिळाली. कागदावर तुझी सही नव्हती, कुठल्याशा वरच्या साहेबांची होती. पण अर्जात मी लिहायला विसरलेली एक गोष्ट परवानगीत होती, 'सावलीसाठी ताडपत्री बांधण्यास हरकत नाही.' लेटेक्सवर, म्हणजे साच्याच्या ओल्या रबरावर, थेट ऊन पडलं की सुरकुत्या पडतात, हे वरच्या साहेबांना कुठून ठाऊक असणार? मी ओळखलं होतं. बोलले नाही. तूही बोलला नाहीस. आपल्या घरात प्रेम करायचं ते असं, दुसऱ्याच्या सहीने.

तू सहा-सात वर्षांचा असताना शेडमध्येच वाढलास म्हटलं तरी चालेल. त्या रबरातल्या अमोनियाच्या वासाने इतर मुलं नाक धरून पळायची, तू मात्र वाटीत लेटेक्स घेऊन बसायचास. साचा सुकला की नाही, ते मी बोटाने बघायचे आणि तू गाल टेकवून बघायचास. गार लागला तर अजून कच्चा. तुझा गाल कधी चुकला नाही. एकदा गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं म्हणून मी घाईने साचा ओढला आणि तो भिजलेल्या पावासारखा हातात तुटला. तू रडायला लागलास, जणू कुणी कुणाला मारलंय. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मग येऊन फार मोठ्या माणसासारखं बजावलंस, "कच्चा साचा ओढायचा नाही, आई. वाट बघायची." वाट बघणं मला कधीच जमलं नाही. तुला ते उपजतच यायचं. म्हणून तर तू धरणं बांधतोस.

आता पुढचं लिहायला हवं. मघाशी इथे थांबून मी अंगणात दोन फेऱ्या मारून आले.

धरणाचं गेट बंद होऊन पाणी अडवायच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, "आई, निघालीस ना? खोरं रिकामं असल्याच्या दाखल्यावर मला आता सही करायचीय." मी म्हणाले, "अरे, घाटमाथ्यावर पोचलेसुद्धा. समोर चहा आहे." चहा खरा होता. घाटमाथाही खरा होता, कारण फोन फक्त तिथेच लागतो. पण तो चहा पिऊन मी पुन्हा खाली उतरले. मास्तरणीला दुपारीच टेंपोत एकवीस साच्यांबरोबर पाठवून दिलं होतं, मी मागाहून बसने येते असं सांगून. पहारेकरी वरच्या नाक्यावर होता, मी नदीच्या अंगाने गेले. एक तुकडा राहिला होता. पायथ्याचा, रांजणखळग्याचा. तू लहानपणी ज्यात पाय सोडून बसायचास तो मोठा गोल खळगा, जिथे कडा नदीला टेकतो. त्याचा साचा ओलीमुळे दोनदा वाया गेला होता. त्याच्याशिवाय कडा म्हणजे पावलं नसलेला माणूस. मी हिशेब केला होता की पहाटेपासून शेवटचे थर द्यायचे, सहाला गेट बंद झालं तरी पाणी खळग्यापर्यंत चढायला नऊ-साडेनऊ होतील, तेवढ्यात जमेल तसा ओढून काढायचा. कच्चा तर कच्चा.

सहा वाजले, सात वाजले. नदी आपली नेहमीसारखी वाहत होती. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि रबर सुकता सुकेना. नऊ वाजता मी पाण्यात काठी रोवून खूण केली. दहा वाजता पाणी खुणेवरच. मी मनात म्हटलं, सरकारी वेळ ती, कधी पाळली गेलीय? बारा वाजता शेवटचा थर दिला. त्यात जाळीचं कापड बसवलं, वरून प्लास्टरचं कवच चढवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, मुंगळ्या, मी वाट बघत बसले. साडेचारला साचा सुटला. असा सुटला की खळग्याच्या तळाशी शेवाळाने काढलेली रेघसुद्धा त्यात आली. तो पाठीवर बांधून वरच्या पायवाटेला लागले, तेव्हा भोंगा वाजला. मागे वळून पाहिलं. पाणी आवाज न करता चढत होतं. माझी काठी गेली. पुढे रात्री कधीतरी खळगाही गेला.

घरी येऊन मी सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगितली. नशीब कसं फळफळलं, गेट कसं ऐन वेळी अडकलं, देव कसा कलावंताच्या पाठीशी असतो. वर्तमानपत्रात आलं होतं ना, 'तांत्रिक बिघाडामुळे अकरा तास विलंब'. मी ते कात्रण शेडच्या दारावर चिकटवलं होतं. लोकांना दाखवायचे.

नऊ दिवसांपूर्वी गेटमामा आले. आले म्हणजे बस थांब्यापासून चालत, हातात कापडी पिशवी, पायात खात्याचेच बूट. मी ओळखलं नाही. ते म्हणाले, "मी धरणावर गेट चालवायचो. साहेब मला मामा म्हणतात." मी बसायला स्टूल दिलं, ते बसले नाहीत. कड्याच्या फटीत शिरले, वाकून रांजणखळग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून गोल फिरवला. मग म्हणाले, "बाई, ह्याच्यासाठी होय?"

मला वाटलं, म्हातारा किमतीबद्दल बोलतोय. मग त्यांनी सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. "सकाळी पावणेसहाला दुर्बीण फिरवली, तर कड्याशी केशरी ठिपका, हलणारा. मी साहेबांना म्हटलं, खाली माणूस आहे. साहेबांनी दुर्बीण घेतली आणि खाली ठेवीचनात. म्हटलं, पहारेकऱ्याला पिटाळू का? तर म्हणाले, नको मामा, पाठवलात तरी ती यायची नाही. तेव्हा मला उमगलं, ती म्हणजे कोण. म्हटलं, मग किती वेळ थांबायचं? साहेबांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, आज ऊन नाही, चार तरी वाजतील. गेटाचा आणि उन्हाचा काय संबंध, मला काही कळलं नाही, बाई. साहेब म्हणाले, गेट अडकलं असं वहीत लिहा, पुढचं मी बघतो. मी लिहिलं."

पुढचं तू बघू शकला नाहीस. चौकशी समिती बसली. गेट तपासलं, त्यात काहीच बिघाड निघाला नाही. मग गेटला कधी तेल घातलं त्याची, वंगणाची वही मागवली, तिच्यात दोन नोंदी राहिल्या होत्या, आणि सगळं खापर मामांवर फुटलं. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाला घरी बसवलंय. त्यांची बायको शेजाऱ्यांना सांगते की ते रजेवर आहेत. मी विचारलं, "तुम्ही समितीला खरं का नाही सांगितलं?" तर म्हणतात, "साहेबांची आई आहे म्हणून कसं सांगायचं? साहेब सांगतील तेव्हा सांगतील." मग माझ्याकडे कशाला आलात म्हटलं. "काही नाही. माझी नोकरी ज्याच्यापायी गेली ते एकदा बघून यावं म्हटलं. चांगलं झालंय." चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. दारात ते कात्रण दिसलं, ते त्यांनी पूर्ण वाचलं. आणि जाताना म्हणाले, "साहेबांना बोलू नका हं. ते रोज मला फोन करतात. फोनवर रडतात हो."

मला नाही फोन केलास तू. मला हवा विचारतोस.

मामा गेल्यावर मी आधी कात्रण फाडलं. मग तुझा राग आला, खराखुरा, दातओठ खाण्याइतका. एका गरीब माणसाच्या हाताने खोटं लिहवून घ्यायला मी तुला शिकवलं होतं का? आणि त्याच्या मागोमाग उत्तर आलं, की हो, तूच शिकवलंस बाई, आदल्या संध्याकाळी, फोनवर, चहाचा कप हातात धरून. माझ्या एका थापेवर तू दाखल्याला सही केलीस. सकाळी मी दिसले तेव्हा तो दाखला खोटा ठरला होता. खरं सांगितलं असतंस तर पोलीस मला काढायला खाली आले असते, माझी परवानगी गेली असती, साचे जप्त झाले असते. म्हणून तू गेट अडकवलंस.

पण ज्याने माझी झोप उडवली ते हे नाही. खाली माणूस असेल तर गेट थांबवायचं, हे कुणीही करील. तू पहारेकऱ्याबरोबर स्वतः उतरून, मला हाताला धरून, दोन तासांत वर आणू शकला असतास. मी शिव्या दिल्या असत्या आणि आले असते. तू आभाळाकडे बघितलंस. चार तरी वाजतील म्हणालास. मुंगळ्या, तू माझ्यासाठी नाही थांबलास, तू साचा सुकेपर्यंत थांबलास. ज्या कड्याने कुणाची तहान भागत नाही, त्याच्यासाठी.

त्यानंतर मला एका जागी बसवत नाही. चार दिवसांपूर्वी बस पकडून मी धरणावर आले होते. तुला माहीत नाही. कुंपणापाशी उभी होते. तू पिवळं हेल्मेट घालून भिंतीवरून चालत होतास, कुणीतरी तुला कागद दाखवत होतं आणि तू न वाचताच मान हलवत होतास. बारीक झालायस. हाक मारणार होते. पण हाक मारली असती तर तू खाली आला असतास, आपण बोललो असतो, आणि तू मला शपथ घालून गप्प केलं असतंस. तू ते करतोस आणि मी ऐकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढची बस पकडून परत आले. पाणी मात्र बघून आले. एवढं पाणी मी कधी बघितलं नव्हतं. पलीकडच्या काठावर नळाशी बायका पाठ न वाकवता, सरळ उभ्या राहून हंडे भरत होत्या, पूर्वीसारखं दरीत उतरून नव्हे. तू बरोबर होतास, अर्धा तरी. उरलेल्या अर्ध्यावर आपण भांडू, आयुष्य पडलंय.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांना भेटले. सर्दीने बेजार झालेला, थकलेला गृहस्थ. मी लेखी जबाब दिला. आदल्या संध्याकाळी मुलाला फोनवर खोटं सांगितलं, परवानगी संपल्यावर खोऱ्यात थांबले, रबर सुकेपर्यंत हलले नाही, गेटमामांचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, यापुढे खातं तुमचं शिल्प दालनात घेईल असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही वाटत." त्यांनी पेन पुढे केलं, मी सही केली, या वेळी माझीच. मामांना पुन्हा कामावर घ्यावं लागेल, असं ते स्वतःहून म्हणाले. तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत. तुझी चूक आहेच, आणि तिची शिक्षा होईल ती होईल, ती मी तुझ्यावरून ओवाळून टाकू शकत नाही. फोन केला असता तर तू मला अडवलं असतंस. जबाब देण्याआधी लिहिलं असतं तरी अडवलं असतंस. म्हणून आज लिहितेय. मास्तरीण हे पत्र घेऊन उद्या पहिल्या बसने निघेल आणि तू आत जायच्या आधी तुझ्या हातात देईल. तुझी सुनावणी अकराला आहे. ते तुला विचारतील, गेट का थांबवलं. माझ्यासाठी नवं काही रचू नकोस. ते विचारतील, खाली कोण होतं. तेव्हा नीट वर बघून एवढंच सांग, की माझी आई होती, आणि तिचं काम व्हायचं होतं.

तुझीच, चुकलेली पण माघार न घेणारी,
आई